बियाणं मात्र जाळलं नाही

१६८० सालच्या ऑगस्टमध्ये आजच्या न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या गावांमधून निरोप्ये धावत सुटले. प्रत्येकाकडे यक्का या रानझाडाच्या धाग्याची एक दोरी आणि दोरीला गाठी. रोज एक गाठ सोडायची; शेवटची सुटली की त्या दिवशी सगळ्या गावांनी एकदम स्पॅनिशांवर तुटून पडायचं. दोन निरोप्ये वाटेत पकडले गेले म्हणून ठरल्याच्या आधीच, १० ऑगस्टला, भडका उडाला. चारशेच्या आसपास स्पॅनिश मारले गेले. ३३ फ्रान्सिस्कन पाद्र्यांपैकी २१ त्यात गेले. स्पॅनिशांच्या राजधानीला, सांता फेला, वेढा पडला, पाणी तोडलं गेलं, आणि गव्हर्नर ओतेर्मिन उरलीसुरली माणसं घेऊन दक्षिणेला एल पासोकडे चालता झाला. पुढची बारा वर्षं तिथे स्पेनचं राज्य नव्हतं.

या उठावाचा म्होरक्या पोपे. गाव ओके ओविंगे. १६७५ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरने जादूटोण्याचा आरोप ठेवून प्वेब्लोंच्या ४७ धर्मपुरुषांना धरून आणलं होतं. काहींना फासावर लटकवलं, बाकीच्यांना चाबकाने फोडून काढलं. पोपे त्या फटके खाल्लेल्यांतला. (आज त्याचा गुलाबी संगमरवरी पुतळा वॉशिंग्टनच्या संसदभवनात उभा आहे. २००५ साली न्यू मेक्सिको राज्याने तो दिला. घडवणारा शिल्पकार क्लिफ फ्रागुआ हाही प्वेब्लोच, हेमेस गावचा. पोपेचा चेहरा कसा होता हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे चेहरा कल्पनेतला आहे. हातात गाठींची दोरी, पाठीवर चाबकाचे वळ.)

स्पॅनिश हाकलले गेल्यावर पोपे गावोगाव फिरला आणि हुकूम देत गेला. क्रूस मोडा, घंटा फोडा. बाप्तिस्म्याची नावं टाका. नदीत उतरा आणि आमोलेच्या मुळीचा फेस अंगाला लावून बाप्तिस्मा धुऊन काढा. कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषा बोलू नका. आणि स्पॅनिशांनी आणलेलं बियाणं जाळून टाका. आपल्या पूर्वजांचा मका आणि घेवडा तेवढा पेरा. हे सगळं आपल्याला कळतं ते १६८१ मध्ये ओतेर्मिन परत चाल करून आला तेव्हा पकडलेल्या माणसांनी दिलेल्या जबान्यांवरून. लेखणी शत्रूच्या हातात होती, हे लक्षात ठेवूनच त्या वाचायच्या. पण त्या जबान्यांत एक गोष्ट अशी आहे की ती मुद्दाम कोणी रचली असेल असं वाटत नाही: बाकीचे हुकूम लोकांनी पाळले, बियाण्याचा मात्र सगळ्यांनी पाळला नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत राहिले. तिथे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोपेपेक्षा मला त्या न ऐकणाऱ्यांचंच जास्त कुतूहल वाटलं. ज्यांनी चर्चच्या घंटा फोडल्या, पाण्यात उभं राहून अंग घासघासून धुतलं, त्याच माणसांनी घरी येऊन गव्हाचं मडकं झाकून ठेवलं असणार. कलिंगडाच्या बिया राखल्या असणार. मेंढ्या आणि घोडे तर कोणी सोडलेच नाहीत.

ओन्याते हा पहिला स्पॅनिश वसाहतकार १५९८ मध्ये हजारो जनावरं हाकत इथे आला. म्हणजे उठावापर्यंत ८२ वर्षं झाली होती, तीन पिढ्या. १६८० मधल्या तरुण शेतकऱ्याच्या आजीनेही कलिंगड खाल्लेलं होतं. गहू मक्याच्या आधी हाताशी येतो. जुना मका संपलेला आणि नवा अजून उभा, त्या अडचणीच्या दिवसांत कणगीत गहू असणं म्हणजे काय, ते पोट असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पोपेच्या डोळ्यांपुढे शत्रूचं बियाणं होतं. त्या शेतकऱ्याच्या लेखी ते त्याच्या शेतातलं बियाणं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं, आणि म्हणूनच ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

वसाहतवाल्यांनी आणि मूळच्या लोकांनी एकमेकांकडून काय काय घेतलं याच्या याद्या खूप वाचायला मिळतात. यांनी घोडा दिला, त्यांनी मका दिला. अशा याद्या वाचताना वाटतं की दोघे शेजारी कुंपणावरून वाट्या देत-घेत होते. न्यू मेक्सिकोत १६८० च्या आधी काय चाललं होतं ते बघा. मेक्सिको शहरातून मिशनांसाठी येणारा रसदीचा तांडा साधारण तीन वर्षांतून एकदा यायचा आणि वाटेत त्याला सहा महिने लागायचे. लोखंड नाही, कापड नाही, दाणागोटा नाही. तेव्हा स्पॅनिश माणूस मका खायला शिकला, तो कसा? प्रत्येक प्वेब्लो घराकडून वर्षाला एक फानेगा (हे धान्याचं स्पॅनिश माप) मका आणि एक सुती चादर किंवा कमावलेलं कातडं अशी वसुली होती. तो मका खाऊन आणि ती चादर पांघरून तो जगला. पायात त्याच लोकांकडून आलेल्या मऊ कातड्याच्या वहाणा. १६६० च्या दशकात पाऊस रुसला, दुष्काळ पडला. एका पाद्र्याने पुढे लिहिलं की इंडियन काय आणि स्पॅनिश काय, कातडी आणि गाड्यांचे पट्टे भाजून खात होते. तशातही वसुली चालूच होती. आणि १६६१ मध्ये पाद्र्यांनी किवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या पवित्र खोल्यांमध्ये, घुसून कचिना नाचाचे सोळाशे मुखवटे जाळले होते. ज्यांनी पाऊस मागायचा त्यांचे मुखवटे जाळले आणि पुढे पाऊस पडला नाही. प्वेब्लोंनी यावरून काय ताडलं असेल ते वेगळं सांगायला नको.

इथे गोव्याची आठवण येणं अपरिहार्य होतं. ओन्याते रिओ ग्रान्दे ओलांडत होता त्या साली गोव्याचा आणि न्यू मेक्सिकोचा राजा एकच होता. १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. तिकडे साष्टीत देवळं पाडली गेली होती, आणि तिथेच १६१६ साली फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध होऊन छापलं गेलं. एकाच राजाच्या छत्राखाली इतका फरक. न्यू मेक्सिकोत लोकांची भाषा नीट शिकलेले पाद्री फार थोडे निघाले. स्टीफन्स असता तर उठाव झाला नसता, असलं काही मला म्हणायचं नाही. देवळं पाडणारे आणि ओव्या लिहिणारे एकाच बाजूचे होते, आणि ओव्या गोड आहेत म्हणून पाडलेलं देऊळ परत येत नाही.

१६९२ मध्ये व्हार्गास हा नवा गव्हर्नर स्पॅनिशांना घेऊन परत आला. सांता फेच्या उत्सवात त्याचा प्रवेश ‘रक्ताचा थेंबही न सांडता’ झाल्याचा देखावा वर्षानुवर्षं व्हायचा. प्वेब्लोंच्या निषेधानंतर २०१८ पासून तो बंद झाला. बरंच झालं. पहिली फेरी बिनरक्ताची असेल, पण पुढच्या वर्षी सांता फेसाठी लढाई झाली, माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि १६९६ मध्ये पुन्हा उठाव झाला.

पण १६९२ नंतरचं न्यू मेक्सिको पहिल्यासारखं राहिलं नाही, हेही खरं. ती मका-चादरीची वसुली पुन्हा लागू झाली नाही. पाद्री आपल्या जागी बसले, पण किवाच्या शिडीकडे बघायचं नाही हे ते शिकले. दोघांनाही कोमांची आणि अपाची टोळ्यांचा त्रास, त्यामुळे मोहिमेवर प्वेब्लो आणि स्पॅनिश एकत्र जाऊ लागले. एकमेकांच्या मुलांचे धर्मपिता झाले. शेताला पाणी देणारे पाट दोघांचेच. आज ज्याला आपण देवाणघेवाण म्हणतो ती मला इथून पुढे दिसते. एकदा घराबाहेर हाकलला गेलेला माणूस परत आला की दार वाजवून आत येतो.

त्याचं फळ काय, ते मी ऑगस्टच्या चार तारखेला केवा गावी पाहिलं. जुन्या नकाशांत या गावाचं नाव सांतो दोमिंगो. सकाळी चर्चमध्ये मास होतो, मग संताची मूर्ती मिरवत बाहेर आणून चौकातल्या हिरव्या फांद्यांच्या मांडवात बसवतात. आणि त्या मूर्तीसमोर दिवसभर मक्याचा नाच. शेकडो माणसं, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, दोन गट आळीपाळीने. बायकांच्या डोक्यावर रंगवलेल्या लाकडी पाट्या, पुरुषांच्या हातात खुळखुळे, एका बाजूला ढोल आणि गाणाऱ्यांचा घोळका. ऊन असं की डोकं तापतं. फोटो काढायला सक्त मनाई, फोन नुसता हातात धरला तरी कोणीतरी येऊन समज देतं. संत दोमिनिक त्या मांडवात पाहुण्यासारखा बसलेला. यजमान कोण याबद्दल त्या चौकात कोणाच्याही मनात शंका नव्हती.

दुपारी घरोघर जेवणं. ओळखीच्या एक बाई मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. एक पंगत उठली की दुसरी बसते, खाऊन झालं की रेंगाळायचं नाही. टेबलावर लाल मिरचीच्या रश्श्यातलं डुकराचं मांस, पोसोले म्हणजे चुन्याच्या पाण्यात फुगवलेल्या मक्याचं कालवण, घरच्या पावाचे मोठे गोळे, आलुबुखाऱ्याचं सारण घातलेल्या पातळ गोड पाय, कलिंगडाच्या फोडी. पाव अंगणातल्या मातीच्या घुमटाकार भट्टीत भाजलेला. त्या भट्टीला सगळे ओर्नोच म्हणतात. ती अरबांकडून स्पेनला आणि स्पेनकडून इथे आली. आता प्वेब्लो गावाचं चित्र काढायचं तर ओर्नोशिवाय पुरं होत नाही. याच भट्टीत कोवळ्या मक्याची कणसं रात्रभर कोंडून ठेवतात, मग वाळवून हिवाळ्यासाठी दाणे ठेवतात. धान्य इथलं, चूल मूरांची, आणि हे दाणे आज तिथल्या स्पॅनिश वंशाच्या खेड्यांतही तितक्याच प्रेमाने शिजतात. आमचंच खाणं आहे, असं दोन्हीकडचे सांगतात.

रश्श्याबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे मिरची फोडणीत, वाटणात, कांदा-खोबऱ्याच्या मागे असते. तिथे ती पुढे येऊन बसते. सुक्या मिरच्या भिजवायच्या, वाटायच्या, आणि तेच कालवण. हॉटेलात ‘लाल की हिरवी?’ हे राज्याने अधिकृत ठरवलेलं वाक्य विचारतात. आपल्याकडे हीच मिरची पोर्तुगीज गलबतांतून गोव्याला उतरली. एकादशीच्या ताटातले बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि साबुदाणा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी जोपासलेले आहेत हे आता व्हॉट्सअॅपवरही फिरतं. म्हणून कोणी एकादशी त्यांना परत करत नाही. पण ज्यांनी हजारो वर्षं खपून हे कंद आणि दाणे खाण्याजोगे केले त्यांचं नाव आपल्या एकाही आरतीत नाही, हे मात्र कधीतरी टोचावं.

प्वेब्लोंनी घेतलेल्या सगळ्या उसन्या वस्तूंमध्ये मला सर्वांत हुशारीची वाटते ती काठी. १६२० मध्ये स्पेनच्या राजाने हुकूम काढला की प्रत्येक गावाने दरवर्षी एक गव्हर्नर निवडावा, आणि अधिकाराची खूण म्हणून त्याला काठी मिळावी. गावांनी गव्हर्नर निवडले. बाहेरच्यांशी बोलायचं, कज्जे लढायचे, सरकारी माणसांना तोंड द्यायचं ते त्यांनी. खरे निर्णय घेणारे धर्मप्रमुख त्या काठीच्या आड नजरेबाहेर राहिले. राजाला वाटलं आपण राज्यकारभार शिकवला. गावाला एक चांगला दरवाजा मिळाला. पुढे मेक्सिकोनेही काठ्या दिल्या. अब्राहम लिंकनने १८६३ मध्ये आपलं नाव कोरलेल्या, चांदीच्या मुठीच्या काळ्या काठ्या दिल्या. १९८७ मध्ये स्पेनचा राजा हुआन कार्लोस आला तोही काठ्या ठेवून गेला. दर जानेवारीत नव्या गव्हर्नरच्या हाती या काठ्या येतात. राज्यं गेली, काठ्या गावात आहेत.

अमेरिकन राजवटीने या देवाणघेवाणीला कोर्टात उभं केलं, तो भाग मला संतापजनक वाटतो. ताओस या प्वेब्लो गावाच्या जमिनीवर बाहेरच्यांनी बस्तान मांडलं. इंडियन टोळीच्या जमिनीवर वसणाऱ्याला दंड करणारा १८३४ चा कायदा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८७६ मध्ये निकाल लागला की प्वेब्लो शांत, कष्टाळू, ख्रिस्ती, सुधारलेले आहेत. ते त्या कायद्याच्या अर्थाने इंडियन टोळी नाहीत, म्हणून कायद्याचं संरक्षण नाही. स्पॅनिशांकडून गहू, देऊळ आणि गव्हर्नर घेतल्याचं हे बक्षीस. मग १९१३ मध्ये त्याच न्यायालयाने फिरवलं: हे लोक साधे, मागासलेले, जुन्या रूढींत अडकलेले आहेत, म्हणून सरकारने त्यांचा पालक व्हावं. माणसं तीच, नाच तेच, ओर्नोही तेच. मधल्या सदतीस वर्षांत हजारो बाहेरचे त्यांच्या जमिनींवर बसले. १९२२ मध्ये ती बळकावलेली जमीन पक्की करून देणारं विधेयक आलं तेव्हा सगळ्या प्वेब्लो गावांची माणसं केवातच जमली आणि त्यांनी ते हाणून पाडलं.

आता मेंढीकडे वळते, कारण बियाण्यासारखीच तीही पोपेला भारी पडली. व्हार्गास परतल्यावर कितीतरी प्वेब्लो कुटुंबं वायव्येकडच्या दऱ्याखोऱ्यांत दिनेंच्या आसऱ्याला गेली. बाहेरचे ज्यांना नावाहो म्हणतात ते स्वतःला दिने म्हणवतात. इतिहासकार सांगतात की दिने विणायला शिकले ते प्वेब्लोंकडून. दिने सांगतात की विणायला शिकवलं ते जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रूपातल्या देवीने, आणि पहिल्या मागाचे आडवे दांडे आकाश आणि पृथ्वीचे होते. त्या देवीचा सुळका ॲरिझोनातल्या कॅन्यन दे शेई या दरीच्या तळातून सरळ वर उठलेला आहे, मी तो वरून पाहिला आहे. प्वेब्लोंमध्ये विणतात पुरुष, दिनेंमध्ये बायका. म्हणजे शिकताना त्यांनी ती विद्या जशीच्या तशी उचलली नाही.

स्पॅनिश विणकर पायटे असलेल्या आडव्या मागावर बसायचा. दिने बाईने तो माग घेतला नाही. तिचा माग उभा, प्वेब्लोंसारखा, झाडाच्या फांदीलाही टांगता येणारा. लोकर मात्र स्पॅनिश चुर्रो मेंढीची. लांब धाग्याची, कमी तेलकट, त्यामुळे धुवायला पाणी फारसं लागत नाही, आणि त्या वाळवंटात ही केवढी सोय. हवा तसा लाल रंग इथे मिळेना, तर तिने व्यापारात आलेलं बायेता नावाचं युरोपी लोकरी कापड घेतलं, त्याचा धागा न् धागा उसवला आणि आपल्या घोंगडीत विणला. जुन्या घोंगड्यांतल्या या लालाची तपासणी झाली तेव्हा काहींत मेक्सिकोच्या कोचिनील किड्याचा रंग निघाला आणि काहींत लाखेचा. लाख आपल्या बाजूची, हिंदुस्थानातून आणि त्याच्या पूर्वेकडून युरोपात जाणारी. म्हणजे आपल्या रानातल्या झाडावरच्या किड्याचा रंग युरोपची रंगशाळा, समुद्र आणि सांता फेचा बाजार करत ॲरिझोनातल्या एका बाईच्या मांडीवर येऊन पडला, आणि तिने तो उसवून घेतला.

मात्र याच वस्तूंच्या कपाटात एक वेगळी घोंगडी आहे. संग्रहालयांत तिला ‘गुलाम घोंगडी’ म्हणतात. स्पॅनिश घरांत पकडून आणलेल्या दिने बायका मोलकरणी म्हणून राबायच्या. त्यांनी तिथे विणलेली. माग आणि विणण्याची लकब दिने, सूत आणि नक्षी मालकाच्या घरची. दोन संस्कृतींचा सुंदर मिलाफ असं कोणी पाटीवर लिहिलं तर ते खोटं ठरणार नाही. मला ती घोंगडी बघताना ती विणणाऱ्या बाईची मुलं कुठे होती, हाच प्रश्न पडला.

पीच हे फळही स्पॅनिशांचंच. कॅन्यन दे शेईच्या तळाशी दिनेंनी त्याच्या बागा लावल्या, पिढ्यान् पिढ्या वाळवून साठवले. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या फौजेने दिनेंना शरण आणण्यासाठी पिकं जाळली, मेंढ्या मारल्या, आणि पीचची हजारो झाडं बुंध्यापासून तोडली. पोपेला स्पॅनिश बियाणं नको होतं. अमेरिकन सैन्याला ते बियाणं कोणाचं झालंय हे नेमकं कळलं होतं. आठ हजारांहून जास्त माणसं शेकडो मैल चालवत बोस्के रेदोंदोच्या छावणीत नेली. बरीच परत आली नाहीत. १८६८ च्या तहाने घरी जाऊ दिलं, आणि त्या तहात पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या देण्याचं कलम होतं. त्यावरून कळप पुन्हा उभे राहिले. मग १९३० च्या दशकात सरकारला वाटलं कळप फार झालेत, जमीन धुपते, गाळ नव्या बोल्डर धरणात जाईल. जनावरं कमी करण्याचा फतवा निघाला. कितीतरी मेंढ्या-शेळ्या मालकांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून तिथेच टाकल्या. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांची नातवंडं आजही ते कालच घडल्यासारखं सांगतात.

चुर्रो जवळजवळ संपलीच होती. सरकारी तज्ज्ञांना जाडजूड, जास्त मांसाच्या मेंढ्या हव्या होत्या. त्यांच्या लोकरीत तेल फार, विणकर बायका कुरकुरायच्या. १९७७ मध्ये लाइल मॅकनील या प्राध्यापकांनी दूरदूरच्या कॅन्यनमधून उरलेल्या चुर्रो शोधून त्यांची पैदास सुरू केली आणि ती दिने कुटुंबांकडे परत जाऊ लागली. एका बाजारात मी एका विणकर आजींना विचारलं, ही मेंढी मूळची स्पेनची ना? त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं, हातातली टकळी चालूच ठेवली आणि म्हणाल्या, मेंढ्या आम्हाला देवांनी दिल्या. मग लोकरीची किंमत सांगितली. मी घासाघीस केली नाही.